खोगीर मुद्दाम पोटाखाली घसरू द्यावं का?

रानवाट:
गेल्या महिन्यात माझ्या चार वर्षांच्या घोडीवर खोगीर चढवलं, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळला आणि लगेच रिकिबीत पाय घातला. खोगीर सरकन फिरून पोटाखाली गेलं. मी पडले, त्याचं काही नाही. पण लटकणारी रिकीब तिच्या मागच्या पायांवर आपटत होती. घोडी जितकी पळे तितकी रिकीब जोरात लागे. शेवटी तंग तुटला तेव्हा थांबली. आता खोगीर दिसलं तरी अंग आखडते.

माझं मत असं की हा प्रसंग घोड्याला आधीच दाखवावा. जुनं खोगीर घालून, बंद रिंगणात, मुद्दाम पोटाखाली फिरवावं आणि उधळू द्यावं. दमून थांबेल तेव्हा कळेल की यानं काही होत नाही. छत्री, ताडपत्री, प्लास्टिकची पिशवी यांचंही तेच. पटतं का?

खरारा:
नाही पटत. घोडा दमून थांबला म्हणजे त्याला समजलं असं नव्हे. डोळे एका जागी खिळलेले, जबडा घट्ट, शेपटी दाबलेली, श्वास रोखलेला, असा उभा घोडा मी शांत मानत नाही. तो गोठलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून जोरात उधळू शकतो.

आणि ताई, तुमची घोडी त्या दिवशी काय शिकली ते बघा. ती पळाली, तंग तुटला, पोटाखालचं संकट गेलं. म्हणजे पळणं कामाला आलं! रिंगणात हेच पुन्हा घडवलंत तर तोच धडा पक्का होईल, कारण एकदा खोगीर फिरलं की ते योग्य क्षणी काढून घेणं तुमच्या हातात राहत नाही.

संशोधक यान्ने क्रिस्टेनसेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये २७ तरुण घोड्यांवर पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीचा प्रयोग केला होता. पायरीपायरीने सवय लावलेले घोडे कमी बुजले आणि त्यांना सत्रंही कमी लागली.

पागेकरी:
खरारा, उधळू देऊ नये हे मान्य. पण 'तंग नीट तपासा, मग हे शिकवायची गरजच नाही' असं म्हणणारे बरेच भेटतात, ते मला मान्य नाही. तंग आवळताना घोडा छाती फुगवतो, म्हणून थोडं चालवून पुन्हा आवळावा, हे खरंच. तरी गोल पाठीच्या घोड्यावर खोगीर कधीतरी घसरतंच. त्या दिवशी त्याला पोटाखालचा स्पर्श ओळखीचा नसेल तर तुम्ही दोघं गेलात.

त्यात त्याची नजर बघा. डोळे दोन्ही बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण पोटाखाली लटकणारी वस्तू धड दिसत नाही, फक्त लागते. सावज म्हणून जगलेल्या जनावराला अंगाला चिकटलेलं आणि पाठ न सोडणारं काही म्हणजे जिवावरचा प्रसंग.

मी मऊ दोरापासून सुरू करतो. पाठीवरून, पोटावरून, मग कुशीवर आणि मागच्या पायांभोवती. टोक माझ्या हातात, गाठ कुठेच नाही. मग नुसता पट्टा. मग हलकी गादी एका बाजूला सरकवायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला. पोटाखाली गेली तरी एका ओढीत सुटेल अशी गाठ.

खरारा:
हे मी डोळे झाकून मान्य करेन, पण रानवाट ताईंनी मांडलं ते हे नव्हे. एकच भर घालते: दोर कधी काढायचा? घोडा उडी मारतो त्या क्षणी काढलात तर उडी शिकवलीत. मान खाली येते, पापण्या हलतात, तोंड चघळल्यासारखं हलतं, तेव्हा काढायचा. आणि उडी मारावी लागली असेल तर ती पायरीच मोठी होती. मागे जायचं.

माळरान:
मी दोघांशीही थोडा भांडणार. पिशवी झाली, छत्री झाली, ताडपत्री झाली, ही यादी कधी संपणार? प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन यांच्या गटानं २०२१ मध्ये घोड्यांना मुलांच्या खेळण्याच्या एका मोठ्या वस्तूची सवय लावली आणि मग तीच वस्तू नुसती फिरवून ठेवली. घोडे ती नवीच असल्यासारखे दचकले. म्हणून मी वस्तू शिकवत नाही. दचकल्यावर थांबायचं आणि माझ्याकडे वळायचं, एवढंच शिकवतो.

पागेकरी:
वस्तू शिकवल्याशिवाय तो थांबायला शिकणार कशावर? विसाव्या वस्तूला घोडा पहिल्या वस्तूइतका उडत नाही, हे मी कितीतरी घोड्यांत पाहिलंय. पण वस्तू फिरवली की ती नवीच वाटते हे खरं, म्हणून डाव्या बाजूनं शिकवलेलं उजव्या बाजूनं वेगळं शिकवावं लागतं.

रानवाट:
खरारा, 'पळणं कामाला आलं' हे वाचून रात्री झोप लागली नाही. मी तिला नेमकं तेच पुन्हा शिकवणार होते. खोगीर महिनाभर बाजूला ठेवते. आधी पशुवैद्याकडून पाठ आणि पोटाखालची कातडी तपासून घेते. ती दुखण्यानं आखडत असेल तर सवय लावून काय उपयोग. मग दोर, फक्त दोर. आज सकाळी खांद्यावर ठेवला, तिनं मान वळवून हुंगला, मी काढून घेतला आणि तिथेच थांबले.