"तुझं सत्य तुला, माझं मला" याला काय उत्तर देता?

वसईचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. मी वसईचा, घर कॅथलिक, सध्या रत्नागिरीत शिकायला आहे. परवा रूमवर गप्पा मारताना मी बोललो की येशू हेच सत्य असं मी मानतो, तर रूममेट म्हणाला मान ना, तुझं सत्य तुला माझं मला, एकच सत्य असं काही नसतंच. बोलला प्रेमानेच, पण मला ते खटकलं. योहान 14:6 मध्ये 'मार्ग, सत्य व जीवन मीच आहे' असं आहे, तिथे 'तुझ्यापुरतं' असं काही लिहिलेलं नाहीये. पण हे बोलून दाखवलं तर मीच अहंकारी ठरतो. तुम्ही अशा वेळी काय बोलता?

वेंगुर्लेकरीण:
भावा, आधी दोन गोष्टी वेगळ्या कर. लग्नात लुगडं नेसायचं की गाऊन घालायचा हे ज्याचं त्याचं, खाण्यापिण्यावरून भांडू नका असं प्रेषित पौलानेही बायबलमधल्या रोमकरांस 14 मध्ये लिहिलंय. बरोबर-चूक मात्र तसं नसतं. माझे बाबा बंदरावर मासळी विकायचे, तिथे एक व्यापारी होता, सुरमईची टोपली काट्यावर चढली की हा बोलता बोलता कडेला खालून हात लावून धरायचा आणि दोन-तीन किलो गायब. बाबा भांडले की म्हणायचा धंद्यात चालतं हो, तुमचं बरोबर तुमच्याजवळ. आता बाबांनी काय 'बरं, तुझं सत्य तुला' म्हणायचं होतं? मापात पाप ते पापच, नीतिसूत्रे 11:1 मध्ये खोट्या तागडीबद्दल हेच आहे. तुझ्या रूममेटला कोणी फसवलं तर तोही सोडणार नाही, कारण रोमकरांस 2:15 प्रमाणे हा नियम सगळ्यांच्या हृदयावर लिहिलेला आहे, माणूस ख्रिस्ती असो नसो.

गुहागरकर:
मी ख्रिश्चन नाही, राग मानू नका. पण आपलंच सत्य खरं मानणाऱ्यांनी काय केलं ते या किनाऱ्याने बघितलंय. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याबद्दल शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, 1560 ला सुरू झालं ते मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. त्यापेक्षा ज्याचं त्याला बरं, निदान कोणी कोणाच्या देवघरात घुसत नाही.

वेंगुर्लेकरीण:
दादा राग कसला, हे बोललंच पाहिजे. पण इन्क्विझिशन वाईट होतं हे तुम्ही फक्त तुमच्यापुरतं म्हणताय का? तेव्हाच्या न्यायाधीशांना ते बरोबरच वाटत होतं, तरी ते चूकच होतं. ज्याचं त्याला म्हटलं तर त्यांनाही सोडून द्यावं लागेल. चर्चचं म्हणाल तर कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 ला धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात स्पष्ट सांगितलं की सत्य लादता येत नाही, ते स्वतःच्याच बळावर मनाला पटतं. आणि 12 मार्च 2000 ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली झालेल्या हिंसेबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. सत्य आहे ही एक गोष्ट आणि ते सगळं मला कळलंय ही वेगळी गोष्ट, 1 करिंथ 13:12 मध्ये पौलसुद्धा म्हणतो की आता मला थोडंच कळतं. आणि 'सत्याची साक्ष द्यायला आलोय' हे येशू रोमन सुभेदार पिलातासमोर बोलला तेव्हा तो कैदी होता, आपलं राज्य या जगाचं नाही, असतं तर आपले सेवक लढले असते असंही त्याने तिथेच सांगितलं. आमच्यातल्या ज्यांनी हे विसरून लोकांना छळलं ते त्याच्या विरोधात गेले, असं मी मानते.

गुहागरकर:
इन्क्विझिशनचं पटलं. पण चूक-बरोबर सगळ्यांना सारखं, इथून एकदम येशूच मार्ग इथपर्यंत कसं पोचता ते नाही कळलं.

वेंगुर्लेकरीण:
मापाच्या उदाहरणावरून तिथे पोचता येत नाही, बरोबर आहे तुमचं. तिथे प्रश्न घटनेचा आहे. 1 करिंथ 15:14 बघा, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ असं पौल सरळ लिहितो. म्हणजे येशूचं थडगं एकतर रिकामं झालं किंवा नाही झालं, माझ्यासाठी रिकामं आणि तुमच्यासाठी भरलेलं असं होत नाही. तुम्ही नाही झालं म्हणालात तरी चालेल, आपण निदान एकाच गोष्टीवर बोलत असू.

वसईचा_पोरगा:
थँक्यू ताई. हा अध्याय रूममेटला वाचायला देतो, तो काय म्हणतो ते इथे टाकतो.