मदत हवी आहे: क्लायंटच्या टीम्स बैठकीत माझ्याच खात्यातून शिरता येत नाही

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात घरून भाषांतराचं काम करते, जर्मन आणि इंग्रजीतून मराठीत. मुख्य काम यंत्रं बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीचं. त्यांच्या पुण्याजवळच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी यंत्रांच्या पुस्तिका आणि सुरक्षेच्या सूचना मराठीत करायच्या. दर मंगळवारी दुपारी २ वाजता टीम्सवर बैठक असते, जर्मनीत तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. गेले तीन मंगळवार मला या बैठकीला धड बसता आलेलं नाही. परवा तर यंत्र तातडीने बंद करायच्या बटणाची सूचना चर्चेला होती. ती माझ्याशिवाय पार पडली आणि मराठी वाक्य तिथल्या कुणीतरी अंदाजाने ठरवलं. ते वाचून माणूस हात कुठे घालणार, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

झालं असं की महिन्यापूर्वी माझा फोन पाण्यात पडला. नवीन घेतला, सिम तेच, नंबर तोच. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर (लॉगिनला फोनवरून मंजुरी द्यायचं ॲप) पुन्हा टाकलं, बॅकअपमधून खाती परत आली. यादीत या कंपनीचं नावही दिसतं. पण बैठकीच्या लिंकवर गेलं, जीमेलचा पत्ता आणि पासवर्ड दिला, की लॅपटॉपवर दोन आकडी संख्या येते आणि 'ॲपमध्ये ही संख्या टाका' असं म्हणते. फोनवर मात्र काहीच येत नाही. मी बसते वाट बघत.

पहिल्या मंगळवारी इनकॉग्निटो खिडकीत लिंक उघडून नुसतं नाव टाकून लॉबीत थांबले. आत घेतलं, पण परिभाषेची यादी त्यांच्या टीमच्या फायलींत असते, ती उघडेना. दुसऱ्या वेळी तेही जमलं नाही, साइन इन केल्याशिवाय प्रवेश नाही असं आलं. बहुधा त्यांनी निनावी प्रवेश बंद केला असावा.

करून पाहिलेलं: कुकीज पुसल्या, टीम्स काढून पुन्हा टाकलं, फायरफॉक्समधून गेले, फोनचं घड्याळ आपोआप वेळ घेण्यावर ठेवलं, पासवर्ड बदलला. माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन जुना फोन काढून नवा जोडला. तिथे सगळं व्यवस्थित चालतं! मग कंपनीच्या लिंकवरच का अडतं?

दुसरी अडचण वेगळ्या क्लायंटची. त्यांनी माझ्या स्वतःच्या डोमेनच्या पत्त्यावर निमंत्रण पाठवलंय. लिंक उघडली की एएडीएसटीएस ५००२० असा आकडा आणि खाली लांबलचक इंग्रजी मजकूर येतो. त्यांची पहिली बैठक शुक्रवारी आहे.

आणि एक बारीकशी: गुगल मीटच्या लिंका लेकीच्या शाळेच्या खात्यातून उघडतात. लॅपटॉप एकच आहे.

क्लायंटच्या आयटी विभागाला लिहायचं तर नेमकं काय मागायचं हेच कळत नाही. 'लॉगिन होत नाही' एवढं दोनदा कळवलं, दोन्ही वेळा 'पासवर्ड बदलून पाहा' असं उत्तर आलं.

प्रतिसाद १

ताई, मी एका कंपनीच्या आयटी विभागात हेच काम करतो, म्हणून पहिल्या अडचणीबद्दल खात्रीने सांगतो. तुमचा पासवर्ड तुमच्या घरचा आहे, पण दुसरं कुलूप त्यांच्या घरचं आहे. तुम्ही त्यांच्याकडे गेस्ट, म्हणजे बाहेरून जोडलेल्या पाहुण्या, आहात. गेस्टने कुठल्या फोनवरून मंजुरी द्यायची, ही नोंद त्यांच्या संस्थेच्या डिरेक्टरीत राहते. तुम्ही स्वतःच्या खात्याच्या पानावर नवा फोन जोडलात त्याने तुमचं वैयक्तिक खातं सुधारलं, त्यांच्याकडची नोंद जुन्या, भिजलेल्या फोनचीच राहिली.

बॅकअपने फसायला होतं ते असं: ऑफिसच्या खात्याचं नाव यादीत परत येतं, पण त्यामागची किल्ली येत नाही. त्या नावावर टिचकी मारून पाहा, पुन्हा साइन इन करा किंवा क्यूआर कोड स्कॅन करा असं सांगेल. आणि तो कोड मिळवायला आत जावं लागतं, आत जायला मंजुरी लागते. या फेऱ्यातून तुम्ही स्वतः बाहेर पडू शकत नाही. त्यांच्या ॲडमिनलाच ते करावं लागेल.

त्यांना असं लिहा (एंट्रा आयडी म्हणजे संस्थेची खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा; मागणीचा अर्थ एवढाच, की फोनवरच्या मंजुरीची नोंदणी मला नव्याने करू द्या): 'तुमच्या एंट्रा आयडीमध्ये माझ्या गेस्ट खात्याच्या ऑथेंटिकेशन मेथड्समध्ये जाऊन रिक्वायर री-रजिस्टर मल्टिफॅक्टर ऑथेंटिकेशन करा.' सोबत ज्या पत्त्यावर गेस्ट म्हणून जोडलंय तो पत्ता, आणि फोन बदलला ती तारीख. 'लॉगिन होत नाही' या तीन शब्दांवर मदतकक्षातला माणूस पासवर्डच बदलायला सांगणार, कारण त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी पासवर्डच्याच असतात. नेमक्या मागणीला पाच मिनिटं लागतात.

प्रतिसाद २

५००२० बद्दल. तो इंग्रजी मजकूर नीट वाचा, त्यात कोणत्या पत्त्याने तुम्ही शिरताय तो लिहिलेला असतो. तुमचा जीमेल दिसेल अशी माझी पैज. म्हणजे निमंत्रण एकाला आणि दारात उभा दुसराच. तुम्ही जीमेलच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आधीच साइन इन आहात, ब्राउझर तेच पुढे करतो, आणि त्या संस्थेत हा पत्ता गेस्ट म्हणून नाही. (आकड्याआधीचं एएडी म्हणजे ॲझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी. २०२३ मध्ये नाव बदलून एंट्रा आयडी झालं, आकड्यांआधी जुनंच राहिलं.)

क्रोममध्ये प्रत्येक क्लायंटसाठी वेगळं प्रोफाइल करा. इनकॉग्निटो नव्हे, प्रोफाइल. त्याच्या कुकीज वेगळ्या राहतात आणि दर वेळी पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. मेलमधल्या लिंकवर थेट टिचकी मारू नका, ती भलत्याच प्रोफाइलमध्ये उघडते. लिंक कॉपी करून योग्य प्रोफाइलमध्ये चिकटवा आणि ॲपऐवजी ब्राउझरमध्ये पुढे जा. तुमच्या डोमेनच्या पत्त्याला मायक्रोसॉफ्टचं खातं नसेल तर पासवर्ड विचारण्याऐवजी मेलवर आठ आकडी कोड येऊ शकतो, तो ३० मिनिटं चालतो.

निमंत्रण नेमकं कोणत्या पत्त्यावर आलंय तेही पाहा. 'माहिती', 'संपर्क' अशा टोपणपत्त्यांवर आलेली मेल आपल्याच पेटीत पडते म्हणून लक्षात येत नाही, पण गेस्ट खातं त्या टोपणपत्त्याच्या नावाने बनलेलं असतं. मी यात एक आख्खा दिवस घालवलाय.

मीटचं सोपं आहे. आत जाण्याआधीच्या पानावर खातं बदलायची सोय असते. लेकीला वेगळं प्रोफाइल करून दिलंत तर तेवढंही करावं लागणार नाही.

प्रतिसाद ३

निमंत्रणाच्या तळाशी फोन नंबर आणि कॉन्फरन्स आयडी आहे का? प्रत्येक कंपनी ती सोय घेत नाही, पण असेल तर साध्या फोनवरून बैठक ऐकता येते, बोलताही येतं. नंबर जर्मनीचा असेल तर पैसे पडतील. तरी सुरक्षेच्या सूचनेसारखा विषय असेल तर मी पडू देईन.

प्रतिसाद ४

पुण्यातल्या एखाद्या सहकाऱ्याचं लॉगिन तेवढ्यापुरतं मागून घ्या ना, मंगळवार तरी निभेल.

प्रतिसाद ५

४ ला नम्रपणे विरोध. असं कधीही करू नका. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते, आणि दुसऱ्याच्या नावाने बैठकीत बसलेलं उघड झालं तर त्याचीही नोकरी अडचणीत. शिवाय इथे स्क्रीनशॉट टाकाल तर मीटिंग आयडी, पासकोड आणि क्लायंटचं नाव झाका. 'स्क्रीन शेअर करा, मी बघून देतो' असा व्यनि (खाजगी निरोप) आला तर उत्तरही देऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑथेंटिकेटरमध्ये नावावर टिचकी मारली, अगदी तसाच संदेश आला. महिनाभर ते नाव बघून मी समजत होते की खातं जोडलेलंच आहे. प्रतिसाद १ मधली मागणी जर्मनमध्ये लिहून काल दुपारी पाठवली, दीड तासात 'झालं' असं उत्तर आलं. लिंक उघडली, क्यूआर कोड आला, स्कॅन केला, फोनवर संख्या टाकली आणि आत गेले. परिभाषेची यादी उघडली. बटणाची सूचना वाचली. भीती होती तसंच, 'दाबून ठेवा' असं लिहिलं होतं. मूळ जर्मनमध्ये 'दाबा' एवढंच आहे. दुरुस्ती सुचवली आहे आणि छपाई थांबवायला सांगितलं आहे.

५००२० मध्ये खरंच जीमेल होता. नवीन प्रोफाइल केलं, डोमेनचा पत्ता टाकला, पण कोडची मेल अजून आलेली नाही. स्पॅममध्येही नाही. निमंत्रण पुन्हा पाहिलं तर 'संपर्क' वरच आलंय. म्हणजे मी पत्ता टाकताना 'संपर्क' टाकायचा, की त्यांना माझ्या मूळ पत्त्यावर नवं निमंत्रण पाठवायला सांगायचं?

प्रतिसाद २

शुक्रवारपुरता 'संपर्क' टाका, कोड त्याच पेटीत येईल. बैठक झाली की मूळ पत्त्यावर नवं निमंत्रण मागून घ्या आणि जुनं गेस्ट खातं काढून टाकायला सांगा. दोन्ही ठेवलीत तर फायली एकाला आणि बैठका दुसऱ्याला यायला लागतील.

धागाकर्ती

'संपर्क' टाकला. कोड आला. आत आहे.