बाबा कुठे गेले?

आईला अल्झायमर असल्याचं कळून ४ वर्षं झाली. बाबांना जाऊन ६. गेल्या काही महिन्यांपासून रोज दिवे लागायच्या सुमाराला ती उठते, दाराशी जाऊन उभी राहते आणि विचारते, “हे अजून कसे आले नाहीत?”

पहिल्यांदा मी सरळ सांगून टाकलं, “आई, बाबा गेले ना गं.” ती मटकन खालीच बसली. मला कुणी कळवलं का नाही, म्हणून रडली. अर्ध्या तासात बातमी विसरली, पण रडू कुठेतरी आत राहिलं असावं. रात्रभर कासावीस होती आणि कशामुळे ते तिलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. असे ४ दिवस मी खरं सांगितलं आणि चारही दिवस तिने ते पहिल्यांदाच ऐकलं. पाचव्या दिवशी म्हटलं, “आज उशीर होणारे म्हणालेत.” ती “बरं” म्हणाली आणि आत जाऊन बसली. इतकं सोपं होतं ते.

तिला बरं वाटलं, मला नाही. लहानपणी खोटं बोलले म्हणून हिनेच मला दिवसभर अबोला धरून दाखवला होता.

म्हणून विचारतेय. तुमच्याकडे काय करता? खरं सांगता, वेळ मारून नेता, की आणखी काही? औषधांची चर्चा नको, ती डॉक्टरांशी होतेच. घडलं ते लिहा. जमलं नाही तेही लिहा.

•

माझे बाबा हिशेबनीस होते. निवृत्त होऊन २० वर्षं झाली, तरी पहाटे ४ वाजता शर्टाची बटणं लावून तयार. मी भांडायचो. कॅलेंडर दाखवायचो, निरोप समारंभाचा फोटो दाखवायचो. ते फोटो बघायचे आणि म्हणायचे, “हो, पण आज महिनाअखेर आहे.”

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि मग १०० मधून ७ वजा करत जायला सांगितलं. ९३, ८६, ७९, ७२, ६५. एकदाही अडखळले नाहीत, वर “पुढे जाऊ का?” म्हणून विचारलं. मला हायसं वाटलं. मग डॉक्टरांनी ते तीन शब्द विचारले. एकही नाही. शब्द सांगितले होते हेच त्यांना मान्य नव्हतं! घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवले.

नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी खराब होतो, जुनं बरंच मागे टिकून राहतं, असं तेव्हा समजलं. म्हणजे निरोप समारंभ त्यांच्या लेखी झालेलाच नाही; मग मी फोटो दाखवून काय सिद्ध करणार? आता मी जुन्या बिलांची फाईल समोर ठेवतो. तासभर बेरजा तपासतात. परवा मला म्हणाले, “तुमचं काम गबाळं आहे.” मी सॉरी साहेब म्हटलं. “आठवतंय का?” हा प्रश्न मात्र घरातून हद्दपार केलाय. नाही आठवलं की त्यांचा चेहरा जो होतो, तो बघवत नाही.

•

मी सून. माझ्यावर चोरीचा आळ आहे, रोजचा. सासूबाई पाकीट लपवतात, कुठे लपवलं ते विसरतात, आणि घरात परकी कोण, तर मीच. सुरुवातीला शपथा घेतल्या, रडले, नवऱ्याशी भांडले. आता म्हणते, “अगंबाई, चला, दोघी मिळून शोधू.” आणि सापडायची वेळ आली की बाजूला होते. त्यांच्याच हाताला लागलं पाहिजे; मला सापडलं तर मीच ठेवलं होतं असं ठरतं. तसंच दिसणारं दुसरं पाकीट कपाटात तयार असतं. याला खोटं म्हणायचं तर म्हणा.

मला त्याहून जास्त लागतं ते दिरांचं बोलणं. ते महिन्यातून एकदा दोन तासांसाठी येतात. त्या दोन तासांत सासूबाई काय नेटकं बोलतात! विचारपूस, थट्टा, सगळं. भावजी जाताना म्हणणार, “आईला काही झालेलं नाही, तुम्ही उगाच बाऊ करता.” पाहुण्यांपुढे त्या सगळं बळ एकवटतात, आणि ते गेले की कोसळतात. दोन दिवस सैरभैर असतात, ते आम्ही निस्तरतो.

शेवटी आम्ही दोघं ३ दिवस बाहेर गेलो आणि भावजींना ठेवलं. तिसऱ्या रात्री त्यांचा फोन. “वहिनी, आईचं पाकीट मी घेतलंय म्हणते.” देवाशप्पथ, मला हसू आवरेना.

•

मी खोटं बोलत नाही. तत्त्व वगैरे नाही, चेहऱ्यावर दिसतं माझ्या. बाबांनी “तुझी आई कुठाय?” विचारलं की मी विचारतो, “आईची आठवण येतेय का?” मग ते बोलत सुटतात. ती किती चिडकी होती, तिचा आवाज कसा होता. दहा मिनिटांनी प्रश्न विरून जातो. उत्तर द्यावंच लागत नाही.

(गाडीच्या किल्लीच्या बाबतीत बोललो. गाडी दुरुस्तीला दिली आहे, दीड वर्षापासून. रस्त्यावर दुसऱ्यांचा जीव जाण्यापेक्षा ते परवडलं.)

•

औषधांचं नको म्हटलंय तरी एक लिहितोच. वरचं सगळं हळूहळू घडणारं आहे. आमच्याकडे एका रात्रीत घडलं.

वडिलांना खोलीत लहान मुलं दिसायला लागली. चादरीवरून काहीतरी वेचत राहायचे. रात्रभर जागे, दिवसा हाक मारली तरी अर्धवट डोळे उघडणार. आम्ही आतापावेतो ‘त्यांच्या कलाने घ्या’ हे इतकं शिकलो होतो की ३ दिवस “हो, मुलं आहेत, झोपतील आता” असं म्हणत राहिलो. आजार पुढच्या पायरीवर गेला, असं धरून चाललो. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. जंतुसंसर्ग निघाला. ताप नव्हता, जळजळ होते असं त्यांना सांगता येत नव्हतं. उपचार सुरू झाल्यावर आठवड्याभरात मुलं गेली. पूर्वीइतके मात्र ते पुन्हा झाले नाहीत.

तेव्हा कलाने घ्या, पण माणूस तासा-दिवसांत बदलला तर आधी डॉक्टर गाठा. लघवी, बद्धकोष्ठता, अंगातलं पाणी कमी होणं, न सांगता येणारं दुखणं, नवी सुरू झालेली गोळी. सर्दीवरच्या, झोप आणणाऱ्या जुन्या धाटणीच्या गोळ्यासुद्धा अशा मेंदूला झेपत नाहीत. ते तीन दिवस मला अजून खातात.

•

मी जमलं नाही ते लिहिते. एका दुपारी बाबांनी “घरी कधी जायचं?” इतक्या वेळा विचारलं की मी त्यांना खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. वीस मिनिटं. आतून ते मला नाही, त्यांच्या आईला हाका मारत होते. कडी काढली तेव्हा त्यांना काहीच आठवत नव्हतं, हसले माझ्याकडे बघून. त्या आठवड्यात रात्रीसाठी बाई ठेवली. आधीच ठेवायला हवी होती, पण मी सगळं एकटी करते हे लोकांनी म्हणावंसं वाटत होतं मला.

•

आईची आंघोळ मी घालतो. मुलगा आहे, घरात दुसरं कुणी नाही. पहिले काही महिने झटापटच. ती ओरडायची, मारायची. तिच्या बाजूने पाहिलं तर कुणीतरी परका पुरुष तिचे कपडे काढतोय, ती ओरडणारच. मग रीत बदलली. न्हाणीघर आधी गरम करून ठेवायचं, खांद्यावर मोठा टॉवेल शेवटपर्यंत राहू द्यायचा, पाणी पायांपासून सुरू करायचं, तांब्या तिच्या हातात द्यायचा. रोजचा हट्टही सोडला. एखाद्या दिवशी नुसतं अंग पुसून घेतलं तर काही बिघडत नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून “हे कोण?” विचारलं, तेव्हा आईने स्वतःचंच नाव सांगितलं होतं. मी खचलो. पुढे कधीतरी वाचलं की १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईंना नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्यांनीही स्वतःचंच नाव सांगितलं. याच बाईंवरून पुढे या आजाराची ओळख पटली. का कोण जाणे, मला धीर आला. आई मला विसरली यापेक्षा, प्रश्नाचं टोकच तिच्या हातून निसटलं, असं वाटलं.

आता ती मला ‘दादा’ म्हणते, म्हणजे तिचा थोरला भाऊ. मीही ‘ओ’ देतो. दादाने सांगितलेलं ती ऐकते, आंघोळीलासुद्धा येते. खोटं बोलायचा प्रश्नच येत नाही, मी फक्त दुरुस्त करत नाही. एकदा केस पुसत होतो तर हळूच म्हणाली, “दादा, माझा मुलगा फिरकतच नाही रे इकडे.”

“येईल,” म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

•

सगळं वाचलं, काही दोनदा. खोलीची कडी लावणाऱ्या ताई, तुमचं वाचून मी जरा वेळ फोन बाजूला ठेवला. माझ्याकडेही अशी एक दुपार आहे, ती लिहायचा धीर अजून नाही.

काल संध्याकाळी गाडीवाल्यांची युक्ती करून पाहिली. आई दाराशी उभी होती. विचारलं, “बाबांची आठवण येतेय का गं?” तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला वेड लागलंय. “आठवण कसली? सकाळीच तर गेलेत.”

मग नेहमीचं उत्तर दिलं, आज उशीर होणार आहे.

“हल्ली रोजच होतो,” ती म्हणाली. “तू एकदा बोल त्यांच्याशी. माझं ऐकत नाहीत.”

बोलते म्हटलं.