मदत हवी आहे: चार देशांतील घरांनी मिळून गूळ चाखण्याचा आणि गाणे ऐकण्याचा ऑनलाइन कार्यक्रम कसा आखावा?

नमस्कार मंडळी,

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आमच्या विखुरलेल्या कुटुंबासाठी घरबसल्या एक कार्यक्रम करण्याचे मनात आहे आणि त्यासाठी येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे. चार-पाच प्रकारचे गूळ प्रत्येकाने आपापल्या घरी, पण एकाच वेळी चाखायचे, त्यांविषयी गप्पा मारायच्या आणि शेवटी अर्धा तास गाणे ऐकायचे, असा एकूण दीड तासाचा बेत आहे. कागदावर हे सोपे वाटले होते. आखायला बसल्यावर मात्र एकेक अडचण पुढे येऊ लागली.

हा सारा खटाटोप माझ्या सासूबाईंसाठी आहे. त्या ८२ वर्षांच्या आहेत. त्यांचे माहेर कोल्हापूरजवळच्या एका खेड्यातले, घरचा ऊस आणि घरचेच गुऱ्हाळ. लग्न होऊन पुण्याला आल्या आणि दर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊ लागल्या. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रमणबागेत रात्र-रात्र चालत असे, आणि सासूबाई शाल, सतरंजी व चहाचा थर्मास घेऊन पहाटेपर्यंत बसत असत. आता दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना तासाभरापेक्षा जास्त एका जागी बसवत नाही आणि थंडीत घराबाहेर पडणेही जमत नाही. नणंद लंडनला, दीर-जाऊ व त्यांची दोन मुले न्यू जर्सीत आणि आमची लेक मेलबर्नला असल्यामुळे सणाला घर शांत असते.

मागच्या हिवाळ्यात आम्ही एका आयोजकांच्या ऑनलाइन चॉकलेट-चाखणीसाठी पैसे भरले होते. त्यांचा खोका कार्यक्रम होऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी आला. कार्यक्रमात सर्वांचे आवाज बंद ठेवलेले होते आणि सूत्रसंचालक एकटेच सव्वा तास बोलत होते. “ही तर शाळा झाली,” एवढे म्हणून सासूबाई उठून गेल्या. तेच पुन्हा घडू नये म्हणून या वेळी सारे आपणच करावे, असे ठरवले आहे.

मला पडलेले प्रश्न असे आहेत. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसातची वेळ मी धरली होती, पण तेव्हा मेलबर्नला रात्रीचा एक वाजतो; चारही घरांना सोसेल अशी दुसरी वेळ कोणती? गूळ कोणकोणते निवडावेत, कोणत्या क्रमाने चाखावेत, आणि परदेशी घरांना ते पाठवावेत की तिकडेच मिळवावेत? शेवटचा प्रश्न गाण्याचा आहे. नणंदबाई पूर्वी गाणे शिकल्या आहेत आणि त्या स्वतः गाणार आहेत. परंतु सरावाच्या वेळी त्यांचा तंबोरा आम्हाला इकडे मधूनच ऐकू येत होता आणि मधूनच पूर्ण नाहीसा होत होता. त्यांच्या घरचे इंटरनेट उत्तम आहे, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे हे कळत नाही.

पहिला प्रतिसाद

ताई, वेळेचे कोडे वाटते तेवढे अवघड नाही. जानेवारीत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते आणि मेलबर्नला तेव्हा उन्हाळी वेळ चालू असल्याने ते बरोबर साडेपाच तास पुढे असते. न्यू जर्सी साडेदहा तास मागे. त्यामुळे पुण्यात संध्याकाळचे पाच वाजले असता लंडनला सकाळचे साडेअकरा, मेलबर्नला रात्रीचे साडेदहा आणि न्यू जर्सीला पहाटेचे साडेसहा वाजलेले असतील. तुमच्या दिरांच्या मुलांना लवकर उठावे लागेल, पण मुले उठतात. मध्यरात्रीनंतर मोठी माणसे जागी ठेवणे त्याहून कठीण. मात्र वार शनिवार ठेवा. रविवार ठेवलात तर तुमच्या लेकीला मध्यरात्री निजून सोमवारी कामावर जावे लागेल. तिळगुळाची देवाणघेवाण रथसप्तमीपर्यंत चालते, त्यामुळे संक्रांतीच्याच दिवसाचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

दुसरा प्रतिसाद

विषय माझ्या आवडीचा असल्याने जरा विस्ताराने लिहितो.

सुरुवात अर्थातच कोल्हापुरी गुळाने करावी. या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण दुकानात पिवळाधमक गूळ पाहून भुलू नका. तो रंग बहुतेकदा सोडियम हायड्रोसल्फाइटमुळे येतो. बाजारात त्याला ‘हायड्रॉस’ म्हणतात. रसायनाविना केलेला गूळ तांबूस ते गडद तपकिरी असतो. शक्य असल्यास दोन्ही आणा आणि शेजारी-शेजारी ठेवून चाखा. उजळ गुळाची गोडी सरळ, एकसुरी लागते; गडद गुळात उसाचा वास, किंचित खारटपणा आणि मागाहून येणारी तुरट चव जाणवते. नंतरच्या सर्व चवींसाठी जीभ इथे तयार होते, म्हणून ही पायरी वगळू नये. चिक्कीचा गूळ मात्र या चाखणीत नको. तो वड्या-लाडवांना चांगला, पण नुसता खाताना दाताला चिकटून बसतो आणि पुढच्या गुळाची चव कळू देत नाही.

त्यानंतर गोव्याचा माडाचा गूळ घ्यावा. रेंदेर (माडी काढणारे) माडावर चढून जी सूर, म्हणजे ताजी माडी काढतात, ती आंबण्याआधी आटवून हा काळसर गूळ करतात. दोदोल ही गोव्याची मिठाई खाल्लेली असेल तर त्यातला धुरकट खारेपणा कुठून येतो, हे याचा एक खडा तोंडात टाकताच कळेल.

तिसरा बंगालचा नोलेन गूळ, आणि हिवाळी कार्यक्रमाचा खरा मानकरी तोच, कारण तो थंडीखेरीज होतच नाही. शिंदीच्या झाडाला संध्याकाळी छेद देऊन मडके बांधतात. रात्रभर थेंबथेंब साठलेला रस उन्हे चढण्याआधी उतरवावा लागतो, कारण ऊन लागताच तो आंबू लागतो. जितकी थंडी कडक, तितका रस निर्मळ. तो पातळही मिळतो, पण टपालाने पाठवायचा असेल तर घट्ट वडीचाच, म्हणजे ‘पाटाली’, मागवा. पातळ गुळाची बाटली वाटेत फुटली, की खोक्यातील सारेच हातचे जाते. हे अनुभवाने सांगतो आहे.

शेवटी तमिळनाडूचा ताडगूळ, करुपट्टी. तो सर्वांत गडद आणि जवळजवळ कॉफीसारखा कडवट असतो. त्याच्यानंतर उजळ गूळ खाल्ला तर फिका वाटतो, म्हणून क्रम उलटा करू नये.

प्रत्येक खडा बोराच्या आठळीएवढाच असावा. दोन गुळांच्या मध्ये कोमट पाण्याचा घोट आणि चार कुरमुरे पुरेत. थंड पाण्याने जीभ बधिर होते. गूळ चावू नये, जिभेवर विरघळू द्यावा.

परदेशी घरांना खोके पाठवण्याचा नाद सोडा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलियाचे खाद्यपदार्थांविषयीचे नियम फार कडक आहेत, आणि तूप किंवा खवा घातलेले काही पाठवल्यास इतर देशांतही अडचण येऊ शकते. त्याऐवजी जिथे जे मिळते ते घ्या. कोल्हापुरी गूळ तिन्ही ठिकाणच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांत शोधता येईल. न्यू जर्सीत लॅटिन अमेरिकी दुकानांत ‘पनेला’ विचारा. कोलंबियात उसाचा रस आटवून करतात तो गूळच तो, फक्त नाव निराळे. मेलबर्नला मलेशियन किंवा इंडोनेशियन दुकानात ‘गुला मलाका’ पाहावा. नारळीच्या रसाचा घेतलात तर तो गोव्याच्या माडाच्या गुळाचा सख्खा भाऊ निघेल. प्रत्येक घराच्या ताटात एक गूळ असा असावा, जो इतरांकडे नाही. मग त्या घराने त्याचे वर्णन करायचे आणि बाकीच्यांनी तो कशापासून केला असेल ते ओळखायचे. बोलायला विषय आपोआप मिळतो.

आणखी एक. तुमच्या सासूबाई गुऱ्हाळावर वाढलेल्या आहेत, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते कार्यक्रमाचे सूत्रसंचालन त्यांनीच करावे. रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी कशी वर आणतात, चुलवाणात (गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत) चिपाडे सारताना काहीलीवर, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईवर नजर कशी ठेवतात, पाक झाला की नाही हे गुळव्या (गूळ करणारा कारागीर) थंड पाण्यात थेंब टाकून कसे ओळखतो, हे न्यू जर्सीच्या मुलांना आजीखेरीज कोण सांगणार?

तिसरा प्रतिसाद

तंबोऱ्याचा दोष इंटरनेटचा नाही, सॉफ्टवेअरचा आहे. व्हिडिओ कॉलची ॲप्स बोलण्यासाठी घडवलेली असतात. पंख्याची घरघर किंवा मिक्सरचा आवाज यांसारखा न थांबणारा, एकसारखा नाद ऐकू आला, की ते त्याला गोंगाट समजून पुसून टाकतात. तंबोरा नेमका तसाच अखंड वाजतो. नणंदबाई गात असताना तो मधूनच येतो आणि जातो, यावरून निदान पक्के आहे. झूम वापरत असाल तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये संगीतासाठी मूळ आवाज तसाच ठेवण्याचा पर्याय आहे. तो गाणाऱ्याच्या संगणकावर चालू करायचा आणि त्यातील प्रतिध्वनी रोखणारी सोय बंद करायची. ही सोय बंद केल्यावर त्यांनी हेडफोन लावणे अनिवार्य आहे, नाहीतर तुमच्या घरातील टाळ्या त्यांच्या माइकमधून पुन्हा तुमच्याकडेच परत येतील. हेडफोन तारेचे घ्यावेत. ब्लूटूथमध्ये आवाज मागे पडतो.

पुण्याहून कोणी तबल्याची साथ करणार असेल, तर तो विचार आताच सोडून द्या. लंडनचा स्वर इकडे पोहोचून ठेका परत जाईपर्यंत एवढा उशीर होतो, की सम (तालाची पहिली मात्रा) कधीच जुळत नाही. ठेका गाणाऱ्याच्याच खोलीत हवा, मग तो यंत्राचा असला तरी चालेल. इतर सर्वांनी गाणे संपेपर्यंत आपले माइक बंद ठेवावेत.

रागाविषयी सुचवतो. गाणे शेवटच्या अर्ध्या तासात, म्हणजे पुण्यात सहा वाजता असल्याने मुलतानी हा राग जवळजवळ वेळेवर येईल. मुलतानी तोडी थाटातला, म्हणजे सकाळच्या तोडी रागाच्याच स्वरसमूहातला आहे, त्यामुळे तुमच्या दिरांच्या घरी त्याच स्वरांवर सकाळ उजाडेल. तोडीची खरी वेळ सकाळी जरा नंतरची, पण तेवढे चालवून घ्यावे. लंडन आणि मेलबर्न मात्र दोन्ही वेळांना मुकतात, त्याला इलाज नाही.

चौथा प्रतिसाद

घरात कोणाला मधुमेह असल्यास ‘गूळ नैसर्गिक आहे’ या समजुतीवर विसंबू नये. गुळाने रक्तातील साखर वाढतेच. त्यांच्या ताटात भाजलेले तीळ, शेंगदाणे आणि सोलाणे ठेवावेत, म्हणजे त्यांना कोरडे बसावे लागणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार, संध्याकाळी पाच ही वेळ चारही घरांनी मान्य केली आहे. दिरांनी थोडी कुरकुर केली, पण जाऊबाईंनी ती मिटवली. येथे सांगितल्याप्रमाणे नणंदबाईंनी काल सेटिंग बदलून पाहिले आणि तंबोरा सलग वीस मिनिटे ऐकू आला. सासूबाई स्वयंपाकघरातून हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

सूत्रसंचालनाची कल्पना त्यांना सांगितली, तेव्हा प्रथम त्यांनी “मला कुठे बोलता येतं” म्हणून हात झटकले. आज सकाळी मात्र विचारू लागल्या, की मुलांना काहील माहीत नसेल तर काय दाखवावे. एवढी मोठी काहील आता कुठून आणणार? घरातली पितळी परात आणि उलथने घेऊन त्या ढवळून दाखवणार आहेत. थंड पाण्यातल्या थेंबाचा प्रयोग कॅमेऱ्यासमोर शेगडीवर पाक करून दाखवण्याचा त्यांचा विचार आहे, म्हणून एक शेवटचा प्रश्न: शेगडीजवळ ठेवलेल्या फोनच्या भिंगावर वाफ धरू नये, यासाठी तो किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला ठेवावा, हे कोणी स्वयंपाकाचे चित्रीकरण करणाऱ्यांनी कृपया सांगावे.