शब्द हवा आहे: संकेतस्थळाचा मालक 'मध्यस्थ' कसा?

शाईचा डाग
आमच्या मंडळाचं छोटंसं संकेतस्थळ आहे, सदस्य त्यावर कथा-कविता चढवतात. मध्यंतरी एकानं दिवाळी अंकातली एक कथा आख्खीच्या आख्खी, पानांच्या आकड्यांसकट चिकटवली. संपादकांचं पत्र आलं, आम्ही कथा काढली, माफी मागितली, विषय मिटला. आता 'वापराच्या अटी' मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिलं वाक्य असं उतरलं:

'स्थळमालक हा केवळ मध्यस्थ असल्याने सदस्यांनी प्रकाशित केलेल्या साहित्याच्या उल्लंघनास तो उत्तरदायी राहणार नाही.'

बायकोनं वाचून विचारलं, "कुणाचं भांडण मिटवतोयस?" दुसरा शब्द सुचवा.

मोडीवाचक
वहिनींचं बरोबर आहे. मध्यस्थ दोघांच्या मध्ये बसून बोलणी करतो, तडजोड घडवतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधला हा माणूस, म्हणजे इंग्रजीतला 'इंटरमीडिअरी', तसलं काहीच करत नाही. दुसऱ्याच्या वतीनं मजकूर घ्यायचा, साठवायचा, पुढे धाडायचा, एवढंच त्याचं काम. टपालवाला, गोदामवाला यांच्या जातीचा. 'मध्यवर्ती' म्हणावं तर बसस्थानक डोळ्यांपुढे येतं. 'वाहक' सुचवणार होतो, पण तो त्याच बसस्थानकात तिकिटं फाडतोय.

जाता जाता: उल्लंघन नियमाचं होतं, हक्काचा होतो तो भंग. आणि 'साहित्याचं उल्लंघन' म्हणजे साहित्यावरून उडी मारणं. 'प्रताधिकाराचा भंग' लिहा, म्हणजे कॉपीराइटचा. 'स्वामित्वहक्क' चुकीचा नाही, पण वाळू-मुरुमाच्या स्वामित्वधनामुळे त्याला महसूल खात्याचा वास येतो.

पानगळ
मध्यस्थ आणि स्थळ! पत्रिका जुळली की कळवा.

कायद्याची वही
गंमत बाजूला ठेवली तर 'स्थळ' या शब्दावर खरोखरच खटला झालाय. प्रताधिकार कायदा 1957 चा. त्याच्या कलम 51 मध्ये असं आहे, की कृती लोकांपुढे आणण्यासाठी कुणी नफ्याकरता 'कोणतीही जागा' वापरू दिली आणि त्यातून प्रताधिकाराचा भंग झाला, तर जागा देणाराही अडकतो. त्याला ठाऊक नसेल आणि शंका येण्यासारखं कारणही नसेल, तरच सुटका. जागा म्हटल्यावर तेव्हा नाट्यगृह, सभागृह असंच कुणाच्याही मनात येणार. टी-सीरीजवाल्या सुपर कॅसेट्सनं मायस्पेसवर, म्हणजे लोक गाणी-चित्रफिती चढवायचे त्या संकेतस्थळावर, दावा लावला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी 2011 मध्ये आंतरजालावरची जागाही त्यात धरली आणि निकाल मायस्पेसच्या विरोधात गेला. डिसेंबर 2016 मध्ये खंडपीठानं तो फिरवला, आणि तिथे सगळा कीस पडला तो 'माहीत असणं' या क्रियापदाचा.

मराठीत आपल्याकडे दोन पायऱ्या आहेत: कुणकुण असणं आणि माहीत असणं. सुपर कॅसेट्सनं लाखाहून जास्त कृतींची यादी दिली होती. खंडपीठाचं म्हणणं थोडक्यात असं, की यादी ही कुणकुण झाली. अमुक गाणं तुमच्याकडे अमुक ठिकाणी पडलंय, असं नेमकं कळवलं की ते माहीत होणं. म्हणून 'प्रत्यक्ष ज्ञान' असला नैयायिकांचा शब्द अटींमध्ये घालू नका. 'नेमकं कळल्यावर' पुरेसं आहे.

इथे एक घोळ नेहमी होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या श्रेया सिंघल निकालामुळे 'न्यायालयाचा आदेश आल्याशिवाय काही काढायला लागत नाही' असं सरसकट सांगितलं जातं. 2016 च्या निकालानं प्रताधिकाराचं प्रकरण वेगळं काढलं: तिथे हक्कदाराची नेमकी तक्रारही पुरते.

शाईचा डाग
आणि 'उत्तरदायी'?

कायद्याची वही
बोजड आहे, शिवाय संदिग्ध. 'जबाबदारी' घेता येते, झटकता येते, टाळता येते. दायित्व येऊन पडतं, मग तुम्ही घ्या न घ्या. इथे प्रश्न पडण्याचा आहे, म्हणून 'दायित्व'. 'जबाबदार धरणे' हेही चालेल, कारण त्यात धरणारा दुसरा असतो.

माझा खरा आक्षेप 'केवळ'वर आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 नं अशा मध्यस्थाला दिलेलं संरक्षण बिनशर्त नाही. मजकूर तुम्ही निवडलेला वा बदललेला नसावा, योग्य ती दक्षता घेतलेली असावी, कळल्यावर हात बांधून बसलेलं नसावं. तुमचं मंडळ कविता निवडून मुखपृष्ठावर लावत असेल, तर 'केवळ' म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी.

कुळागर
इंग्रजीत त्या संरक्षणाला बंदराची उपमा आहे. मराठीत 'सुरक्षित बंदर' लिहाल तर लोक होड्या शोधतील. आपल्याकडे कौल होता की! सरकारनं रयतेला, व्यापाऱ्याला लिहून दिलेलं अभय, अटींसकट. अटी पाळा, तोवर तुम्हाला कुणी हात लावणार नाही.

पानगळ
आता कौल मतदार देतात, नाहीतर देव.

कुळागर
आमच्याकडे गोव्यात देवच. देवळात फुलं लावून विचारतात. कौल उजवा पडला तर चढवू द्यावं साहित्य.

मोडीवाचक
'कौल' आज कुणाला कळणार नाही. 'सशर्त अभय' घ्या, अर्थ तोच.

शाईचा डाग
पुन्हा प्रयत्न, मध्यस्थाला निरोप देऊन:

'सदस्य आपलं लेखन स्वतः चढवतात. मंडळ फक्त जागा देतं. एखाद्या लेखनानं आपल्या प्रताधिकाराचा भंग होत असल्यास हक्कदारानं दुव्यासह कळवावं. मंडळ ते 36 तासांत दिसेनासं करील.'

36 तास नियमांत आहेत ना?

कायद्याची वही
हो, 2013 च्या प्रताधिकार नियमांत. पण 'दिसेनासं'च्या पुढे मुदतही लिहा. प्रताधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये 2012 साली घातलेली तरतूद 21 दिवसांची आहे. तेवढ्यात हक्कदारानं न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा दाखवता येतो. म्हणून 'काढून टाकणे' नको, 'रोखून ठेवणे' म्हणा. 'उतरवणे' तर मुळीच नको, लोक डाउनलोडचं बटण शोधत बसतील.

आणि 'कळवावं'च्या आधी 'लेखी' घाला. कलमात तो शब्द आहे, आणि रात्री अकराला फोनवर ओरडणाऱ्या कवीला तो दाखवता येतो.