शेजारच्या योरुबा कुटुंबातील बारशाला जाताना काय बोलावे?

औंधकर: आमच्या सोसायटीत नायजेरियातील एक योरुबा दांपत्य राहते. गेल्या गुरुवारी त्यांना मुलगी झाली आणि जन्माचा दिवस धरून आठव्या दिवशी, म्हणजे या गुरुवारी, नाव ठेवण्याच्या समारंभाला त्यांनी आम्हाला बोलावले आहे. आपल्याकडे बाळाला ‘किती गुटगुटीत आहे’ म्हटले की आजी मीठमोहऱ्या घेऊन उठते, म्हणजे काय बोलू नये हे आपल्याला ठाऊक असते. तिथे अजाणतेपणी चुकीचे काही बोलले जाऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे. कुणी मार्गदर्शन करील का?

मुठेकाठची: मी नोकरीनिमित्त चार वर्षे नायजेरियातल्या इबादान शहरात होते. बाळंतिणीला आधी ‘ए कू एवू ऑमॉ’ म्हणा. यातला ‘एवू’ म्हणजे धोका. आपण ‘सुखरूप सुटका झाली’ म्हणतो तसाच, जिवावरचे संकट पार केल्याबद्दलचा हा गौरव आहे.

समारंभाचा खरा गाभा मात्र पदार्थांच्या नावांत आहे. तेथे मध, मीठ, पाणी, पामतेल, कोलाफळ असे एकेक पदार्थ उचलून ज्येष्ठ व्यक्ती प्रार्थना म्हणते, आणि बऱ्याचदा ती प्रार्थना त्या पदार्थाच्या नावातूनच फुटते. कोलाफळाला ‘ओबी’ म्हणतात आणि ‘बी’ या क्रियापदाचा अर्थ परतवून लावणे असा होतो, म्हणून ते मृत्यूला आणि आजाराला परतवून लावो असे म्हणतात. ‘ओरोग्बो’ या कडू फळाच्या नावात ‘ग्बो’, म्हणजे वृद्ध होणे, ऐकू येते, म्हणून दीर्घायुष्य मागतात. ‘आताआरे’ या मिरीसारख्या तिखट मसाल्याची शेंग दाण्यांनी गच्च भरलेली असते, ती भरल्या घरासाठी, आणि पाण्याला कुणी शत्रू नसतो, तसा या बाळालाही नसो. भाषांतरात यातले निम्मे हरवते, म्हणून प्रार्थना म्हणणाऱ्या ज्येष्ठांना मूळ शब्द पुन्हा म्हणायला अवश्य सांगा.

दगडूचा नातू: नावांविषयी थोडे. काही नावे बाळ जन्मतःच घेऊन येते असे मानतात: जुळ्यांतले पहिले तायवो, दुसरे केहिंदे, आणि पायाळू जन्मलेले इगे. गंमत नव्हे, पण केहिंदे मागून येऊनही थोरले समजले जाते, कारण जग कसे आहे ते चाखून पाहायला त्याने तायवोला पुढे पाठवले, अशी समजूत आहे.

मला जवळची वाटतात ती वेगळी नावे. ज्या घरात मुले लागोपाठ दगावत, तिथे पुन्हापुन्हा जन्म घेऊन परत जाणारे मूल, म्हणजे ‘आबिकू’, आले आहे असे समजून ‘मालोमो’, म्हणजे ‘आता जाऊ नकोस’, किंवा ‘दुरोजाये’, म्हणजे ‘थांब आणि आयुष्य भोग’, अशी नावे ठेवत. माझ्या आजोबांच्या आधीची तीन भावंडे गेली, म्हणून त्यांचे नाव दगडू ठेवले होते. आपण मृत्यूला फसवण्यासाठी मुलाला क्षुल्लक नाव दिले आणि त्यांनी मुलाचीच विनवणी केली. भीती मात्र एकच होती.

औंधकर: दोघांचे मनापासून आभार. ते पदार्थ बाळाला खरोखर चाटवतात का? आम्हालाही घ्यावे लागतील का?

मुठेकाठची: परंपरेने बाळाच्या ओठांना लावतात आणि मग जमलेल्यांत फिरवतात, त्यामुळे तुमच्यापर्यंत आले की थोडे जरूर घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असे डॉक्टर आपल्याकडेही सांगतात, तो निर्णय आईवडिलांवर सोडा. नातलग आपापल्या पसंतीचे नाव देताना पात्रात पैसे ठेवतात. तेव्हा तुम्हीही पाकीट जवळ ठेवा.