गूढ कोड्यातल्या सूत्राची ‘फोड’ करायची की ‘उकल’?

खानापूरकर

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी मी गूढ शब्दकोड्यांची ओळख करून देणारा लेख लिहिला आहे आणि त्यातल्या एका शब्दावर गाडी अडली आहे. साध्या शब्दकोड्यात सूत्र, म्हणजे उत्तर सुचवणारी ओळ, हा निव्वळ अर्थ असतो; कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा. ‘समुद्र (३)’ असे दिसले की आपण ‘सागर’ लिहून मोकळे होतो. गूढ कोड्यात उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. सूत्राच्या आरंभी किंवा शेवटी उत्तराचा सरळ अर्थ दिलेला असतो, आणि उरलेल्या शब्दांत तेच उत्तर जोडून, उलटवून, लपवून किंवा विस्कटून पुन्हा सांगितलेले असते. लेखातले पहिले उदाहरण असे आहे: ‘आज रात्रीच्या पोटात दडले म्हातारपण (२)’. उत्तर ‘जरा’. त्याखाली मी लिहिले होते, ‘फोड: सरळ अर्थ म्हातारपण, “पोटात दडले” ही लपवल्याची खूण, “आज रात्री” यातले ज आणि रा शेजारी शेजारी वाचावेत.’

संपादनाचे काम पाहणाऱ्या गृहस्थांनी दहाही ठिकाणचा ‘फोड’ खोडून ‘स्पष्टीकरण’ केला आणि समासात लिहिले की आंब्याची असते ती फोड आणि तळहातावर येतो तो फोड. कोड्याला दोन्ही लागू नाहीत.

माझ्या कानाला मात्र हाच शब्द बरोबर वाटतो. लहानपणी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो की आजी उखाणे घालायची. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे. फोड बघू.’ मी ‘जीभ’ म्हणून मोकळी व्हायचे, पण तेवढ्याने तिचे समाधान होत नसे. अंगठ्याखाली शेंग दाबून दाणे सुपात टाकता टाकता ती विचारायची, ‘चिरे कुठले? नागीण कशाला म्हटलंय?’ ते सांगितल्यावरच उखाणा फुटला असे ती मानायची. ‘उखाणा फोडणे’ हा प्रयोग आणखी कुणी ऐकला आहे का, आणि छापील मजकुरात ‘फोड’ चालेल का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

पुणेकर

आजींची आठवण सुंदर आहे, पण मी संपादकांच्या बाजूचा आहे. ‘कोड्याची उकल’ हा मराठीत रुळलेला, निःसंदिग्ध प्रयोग हाताशी असताना दुसऱ्याच अर्थाने ठाऊक असलेला शब्द वाचकाच्या वाटेत ठेवण्याचे कारण नाही. ‘खर्चाची फोड’ वगैरे कचेरीतल्या बोलण्यात चालते. ‘स्पष्टीकरण’ जड वाटत असेल तर ‘उकल’ घ्यावा. घरातला शब्द प्रिय असतो म्हणून तो परिभाषेलाही पुरेल असे नाही.

शहापूरकर

मी तीस वर्षे मराठी शिकवले आणि फळ्यावर रोज ‘संधीची फोड करा’ असे लिहिले. एकाही मुलाने त्यावर आंबा काढला नाही. मग ‘सूर्योदय’ची फोड ‘सूर्य अधिक उदय’ होत असेल, तर सूत्राची फोड का होऊ नये? काम तेच आहे: जोडलेले सुटे करून दाखवायचे.

‘उकल’ने भागत नाही याचे कारण आमच्याच घरात घडले. मी एक सूत्र रचून पत्नीला दिले होते: ‘सारात “ग”ची बाधा, उसळला समुद्र (३)’. आडव्या शब्दांतून तिला पहिला ‘सा’ आणि शेवटचा ‘र’ मिळालेला होता, म्हणून तिने क्षणात ‘सागर’ लिहिले. कोडे सुटले, उकल झाली. पण ते सारे शब्द तिथे कशासाठी आहेत हे तिला कळेना. रात्री पानात आमसुलाचे सार वाढताना ती पळी हातात धरून थांबली आणि म्हणाली, ‘अहो, साराच्या आत ग!’ फोड झाली ती तेव्हा. उत्तर मिळणे, कोडे सुटणे आणि सूत्राचा शब्द न् शब्द कामाला लावून दाखवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिसरीला स्वतंत्र नाव हवे.

शिवाय हा शब्द कुळाने हलका नाही. ‘फोड’ आला ‘स्फोट’पासून, आणि व्याकरणकार भर्तृहरीने वाक्यपदीयात अर्थ मनात एकदम प्रकट होतो त्याला स्फोट हेच नाव दिले. पळी हातात धरून थांबलेल्या माणसाला जे होते ते आणखी काय असते?

निपाणीकर

आमच्या भागात मी ‘उखाणा फोडणे’ ऐकलेले नाही, पण एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये उखाण्याला ‘ओडपु’ म्हणतात, आणि जसा आपला उखाणा एकीकडे कोडे असतो आणि दुसरीकडे लग्नात नवऱ्याचे नाव घेण्याचा असतो, तसेच ओडपुचेही आहे. दोन भाषांत एकाच शब्दाला तीच जोडी चिकटावी हा मला शेजाराचा परिणाम वाटतो. माझी समजूत अशी की ओडपुच्या मुळाशी ‘ओडे’ म्हणजे फोडणे हे क्रियापद आहे. तसे असेल तर खानापूरच्या आजींचे ‘फोड बघू’ हे बहुधा त्या मुलखातल्या दोन्ही भाषांचे मिळून बोलणे आहे.

माझी आणखी एक समजूत: ‘उखाणा’ हा ‘उकलणे’वरूनच आला असावा.

शहापूरकर

ओडपुची जोडी मला ठाऊक नव्हती, आपले आभार. ‘उखाणा’ आणि ‘उकलणे’ यांचा मात्र संबंध नाही. उखाणा ‘उपाख्यान’ या शब्दाकडे जातो. ‘क’चा ‘ख’ असा वाटेल तसा होत नाही.

पुणेकर

आपण मूळ मुद्दा सोडून लोककोड्यांकडे गेलो. ‘बत्तीस चिरे’ हे रूपक आहे, त्यात अक्षरांचा खेळ नाही. गूढ कोडे हा प्रकार इंग्रजी वृत्तपत्रांतला. पहिले शब्दकोडे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये छापले आणि गूढ सूत्रांची परंपरा पुढे इंग्लंडात वाढली. त्याची परिभाषा आपल्याला नव्याने आणि नेमकी घडवायची आहे. आजीचा उखाणा तिथे आधार म्हणून पुरणार नाही.

शहापूरकर

चौकट तिकडची हे मान्य, पण अक्षरांचा खेळ तिकडचा नव्हे. सभंग श्लेषाचे शाळेतले उदाहरण आठवावे. नलाच्या विरहाने व्याकुळ दमयंती म्हणते, ‘औषध नलगे मजला’. आई ऐकते ‘औषध न लगे’, मुलगी म्हणते ‘औषध नल गे’. अक्षरे तीच, फक्त तोडण्याची जागा बदलली. ‘सभंग’ या शब्दात भंग आहे, म्हणजे पुन्हा फोडणेच. ज्या भाषेच्या काव्यशास्त्राने या युक्तीला नाव देऊन ठेवले आहे, तिला परिभाषा नव्याने घडवायची गरज किती, याचा आपणच विचार करावा.

टिळकवाडीकर

मी बरीच वर्षे बेळगाव ते मिरज रेल्वेने जात असे. समोर बसणारे एक कन्नड भाषक सहप्रवासी त्यांच्या दैनिकातला ‘पदबंध’ सोडवायचे आणि मी माझे शब्दकोडे. घटप्रभा मागे पडली की अंकांची अदलाबदल व्हायची आणि कुडची येईपर्यंत एकमेकांची अडलेली घरे भरली जायची. त्यामुळे माझ्या तोंडात ‘पदबंध’ बसला. पुढे एका सभेत मी तो वापरला तेव्हा मला सांगण्यात आले की मराठीत पदबंध म्हणजे व्याकरणातला शब्दसमूह. ते बरोबरच आहे, पण चौकटीत पदे बांधण्याच्या खेळाला याहून चांगले नाव मला अजून सापडलेले नाही.

त्या प्रवासात सुचलेले एक सूत्र इथे ठेवतो: ‘चांगले घर कर्नाटकात, फुलेच फुले (३)’. उत्तर ‘सुमने’. चांगले म्हणजे ‘सु’, आणि कन्नडमध्ये घराला ‘मने’ म्हणतात. फोड म्हणा, उकल म्हणा, मला दोन्ही चालतील. हे सूत्र मराठी कोड्यात चालेल का, एवढे सांगावे.

पुणेकर

चालू नये. सूत्र देखणे आहे, पण मराठी कोडे मराठी शब्दसंपत्तीवर सुटले पाहिजे. नाशिकच्या किंवा अकोल्याच्या वाचकाला ‘मने’ म्हणजे घर हे कळायचा मार्गच नाही. त्याला मने म्हणजे अंतःकरणे एवढेच ठाऊक.

खानापूरकर

इंग्रजी कोड्यांत पॅरिसचा उल्लेख आला की फ्रेंच उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) घ्यायचे आणि बर्लिनचा आला की जर्मन, हा संकेत इतका जुना आहे की त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. तिथल्या वाचकाला शेजारच्या भाषेतले दहावीस शब्द येतात असे गृहीत धरलेले असते. आमच्या अंकाचे वाचक खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी इथले आहेत. त्यांना ‘मने’ कळत नाही असे मानणेच खोटे ठरेल. आणि ‘अक्का’, ‘अण्णा’, ‘अडकित्ता’ हे शब्द कन्नडकडून घेऊन आपण इतके वापरले आहेत की आज ते चौकटीत आले तर नाशिकचा वाचकही अडणार नाही.

चिकोडीकर

माझी हरकत वेगळी आहे आणि मला ती महत्त्वाची वाटते. हरकत ‘मने’ला नाही, ‘कर्नाटकात’ या खुणेला आहे. मी कर्नाटकात राहतो आणि माझ्या घराला घरच म्हणतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, तरी आमच्या उंबऱ्याच्या आतला शब्द बदलला नाही. राज्याचे नाव सांगून भाषा सुचवायची ही खूण दिल्लीच्या वाचकाला खपेल, सीमाभागातल्या वाचकाला ती चुकीची माहिती देते. ए. एफ. रिची, जे आफ्रिट या टोपणनावाने कोडी रचत, त्यांनी १९४९ मध्ये सूत्रकारासाठी नियम सांगितला तो असा: तुम्ही जे म्हणता तेच तुमच्या मनात असले पाहिजे असे नाही, पण जे मनात आहे ते तुम्ही म्हटलेले असलेच पाहिजे. मनात ‘कन्नड’ असेल तर ‘कन्नड’ म्हणावे.

टिळकवाडीकर

हरकत पूर्णपणे मान्य. मीही याच जिल्ह्यातला असून माझ्या लक्षात आले नाही याचे वाईट वाटते. सूत्र असे बदलतो: ‘चांगले कन्नड घर, फुलेच फुले (३)’.

चिकोडीकर

आता ते नेमके झाले, आणि आटोपशीरही. खूण शोधण्यात माझाही वेळ जातो, म्हणून माझी दोन सूत्रे तपासणीसाठी देतो. ‘हातासारखे सुताराचे हत्यार (३)’, उत्तर ‘करवत’: कर म्हणजे हात, वत् म्हणजे सारखे. दुसरे, ‘बिथरलेला वानर बोहल्यावर उभा (३)’, उत्तर ‘नवरा’.

पुणेकर

‘वत्’ हलन्त आहे आणि ‘करवत’चा त अकारान्त लिहिला जातो, त्यामुळे जोड पुरी बसत नाही. ‘नवरा’ तर अजिबात मान्य होण्यासारखा नाही. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर असते, मात्रेसकट आणि जोडाक्षर असल्यास जोडाक्षरासकट. वा, न, र ही तीन अक्षरे कशीही मांडली तरी न, व, रा होत नाहीत.

चिकोडीकर

वर्णांनी मोजून पाहावे. ‘वानर’मध्ये व्, न्, र्, एक आ आणि दोन अ आहेत, ‘नवरा’मध्येही तेच सहा वर्ण आहेत, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. घरात अक्षर लिहायचे हे खरे, पण विस्कटायचे काय, अक्षर की वर्ण, हे कुणी ठरवून दिलेले नाही. अक्षरेच विस्कटायची म्हटली तर तीन अक्षरी शब्दाच्या सहाच मांडण्या होतात आणि सोडवणाऱ्याला डोके चालवावेच लागत नाही. ‘कलम’चे ‘कमल’ करणे हे पहिल्या इयत्तेचे काम झाले.

शहापूरकर

वर्ण विस्कटायला माझी हरकत नाही, मात्र सूत्राच्या शेवटी आकड्याबरोबर तशी खूण असावी, नाहीतर सोडवणारा अक्षरेच हलवत बसेल. ‘करवत’विषयी पुणेकरांचे लिखाणापुरते बरोबर आहे, उच्चारात आपण ‘करवत्’च म्हणतो, आणि कानाने सोडवायच्या सूत्रात मी ते चालवून घेईन. हा शब्द ‘करपत्र’वरून आलेला असल्यामुळे त्यातला ‘कर’ खरोखरच हाताचा आहे, शेपूट तेवढी सूत्रकाराची. म्हणजे अर्धी फोड व्युत्पत्तीला धरून झाली, अर्धी खेळापुरती.

पुणेकर

उच्चारावर सोडले तर ‘दिन’ आणि ‘दीन’ही एक धरावे लागतील, आणि ते मी मान्य करणार नाही.

खानापूरकर

अंक शनिवारी छापायला जायचा आहे. ‘सुमने’ मी टिळकवाडीकरांच्या परवानगीने घेत आहे, आणि त्याखाली ‘मने: कन्नडमध्ये घर’ एवढी ओळ देत आहे. ‘करवत’ आणि ‘नवरा’ यांवर अजून मतभेद आहेत म्हणून ते या अंकात घेत नाही. ‘फोड’चे काय करायचे हे इथे ठरले नाही. मी दहाही जागी तो पुन्हा लिहिला आहे आणि लेखाच्या आरंभी आजीचा उखाणा घालून कागद संपादकांकडे देणार आहे. शब्द ठेवायचा की नाही ते तेच पाहतील. ‘उखाणा फोडणे’ कुठे कुठे बोलतात, याची उत्तरे मात्र अजूनही हवी आहेत.

निपाणीकर

पत्नीला विचारले. तिचे माहेर चिंचलीकडचे आहे. तिकडे ‘उखाणा सोड’ म्हणायचे, असे ती सांगते. ‘सोडव’ नव्हे, ‘सोड’. आणि उत्तर आले नाही तर घालणाऱ्याला एक गाव द्यावे लागे. गाव दिल्याशिवाय उत्तर मिळत नसे. तिने लहानपणी रायबाग तीनदा देऊन टाकले होते.